२०४० सालची बरणी

कृती, अर्धी

ऋषीची भाजी. दोन घरांना पुरेल एवढी.

अळूची पानं, देठ सोलून. लाल माठाची एक जुडी. पडवळ, दोडका, भेंडी, दुधी, परसात जे असेल ते. मक्याच्या कणसाचे तुकडे. आंबटपणाला अंबाडे. ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ. तेल नको, फोडणी नको. बैलाच्या कष्टाचं आज खायचं नाही, म्हणून नांगरलेल्या शेतातलं काही नको. ज्याला फक्त माणसाचा हात लागलाय तेच. सगळं एका टोपात मंद शिजू द्यायचं. मीठ अंदाजाने. चाखायचं नाही, आधी देवाला. मग पानं वाढायची आणि

आणि इथे कृती थांबते. कारण २०४१ सालच्या ऋषिपंचमीला सडेवाडीच्या शेवंती मयेकरने पहिला घास तोंडात घातला आणि तसाच थुंकला.

कारल्याचा कडवटपणा जिभेवर येतो आणि उतरतो. हा उतरेना. घशातून वर चढून कानाच्या मुळाशी जाऊन बसला. शेवंतीने एक चूळ भरली, दुसरी भरली. तिसरी भरताना तिच्या हातातला तांब्या निसटला. पाऊण तासापूर्वी याच टोपातल्या भाजीचा वाडगा तिने स्वतः नेऊन गडग्यापलीकडे, मोठ्या जावेच्या पडवीत ठेवला होता.

ती अनवाणी धावली. अक्का पडवीत पाटावर बसल्या होत्या. वाडगा रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, बोटाने निपटून घेतलेला.

"अक्का, खाल्लीत?"

"प्रसाद आहे ना!" अक्का म्हणाल्या. वर्षभरात त्या शेवंतीशी बोललेले हे पहिले तीन शब्द.

"कडू नाही लागली?"

ओठ घट्ट मिटून अक्का उठायला गेल्या आणि खांबाला धरून तिथेच ओकल्या. दुसऱ्यांदा ओकल्या तेव्हा त्यात रक्त होतं.

गडगा

गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेली बुटकी भिंत. अलीकडे शेवंती आणि तिचा नवरा दत्ताराम, पलीकडे अक्का. अक्कांचे यजमान वारले, मुलगी ओवी पुण्याला एका बियाणे कंपनीत शास्त्रज्ञ. दोन्ही घरं एकाच मांडवाखालची वाटावीत इतकी जवळ. पस्तीस वर्षं गडग्यावरून विरजण, कढीपत्ता, गावातल्या बातम्या इकडून तिकडे जात होत्या.

२०४०च्या पावसाळ्यात ओवीने आईच्या गोठ्यावर दुधीचा एक नवा वेल चढवला. त्याचं नाव 'कवच'.

आता थोडं विज्ञान, त्याशिवाय पुढचं भांडण कळायचं नाही.

काकडी, भोपळा, दोडका, दुधी हे सगळे एका कुळातले आणि ते कूळ मुळात कडू. रानातल्या वेलाला पळता येत नाही, म्हणून तो क्युकरबिटासिन नावाचं जहाल कडू द्रव्य बनवतो. किडा तोंड लावतो आणि निघून जातो. माणसाने काय केलं, तर ज्या वेलाचं फळ कमी कडू त्याचंच बी दरवर्षी राखलं. असं हजारो वर्षं चाललं. होता होता कडवटपणाची कळच बंद पडलेले वेल आपल्या परसात उरले. आपल्या ताटातला दुधी म्हणजे कोण कुठल्या बायकांनी जिभेने निवडत आणलेला दुधी. पण कळ बंद पडली आणि वेल उघडा पडला. उन्हाळे वाढले, मावा आणि पांढरी माशी बाराही महिने राहू लागली, फवारणीची औषधं एकेक करून निकामी झाली. २०३६ ते २०३९ या चार वर्षांत कोकणातले निम्मे मांडव वाळले.

कवच वेलात शास्त्रज्ञांनी ती जुनी कळ पुन्हा चालू केली, पण पानांपुरती. फळाच्या दाराशी त्यांनी एक कुलूप बसवलं: कडवटपणाने पानात हवा तेवढा धिंगाणा घालावा, आत यायचं नाही. पान विषारी, फळ गोड. फवारणी शून्य. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी कवच लावला आणि वर्षभरात आठवड्याला एक ट्रक दुधी मुंबईला जाऊ लागला. ही खोटी जाहिरात नव्हती, ट्रक खरोखरच भरत होता.

शेवंतीने मात्र लावला नाही. तिच्या लग्नात सासूने बिया दिलेला दुधी तिच्या परसात होता. लांब मानेचा, फिकट, अंगावर लव असलेला. फळ वेलावरच वाळवायचं, बी काढायचं, राखेत घोळवायचं, बरणीत भरून वर सालाची चिठ्ठी लावायची. दरवर्षी एक बरणी.

"तूही लाव की," अक्का तेव्हा गडग्यावरून म्हणाल्या होत्या. "ओवी फुकट देतेय."

"माझं मला पुरे आहे."

"मावा खाऊन टाकील सगळं. मग येशील मागायला."

"येणार नाही. मी काही पोरीच्या पगाराला भुलून सासूचं बी फेकून देणारी नव्हे."

झालं. त्या एका वाक्यावर गडगा एका दिवसात पुरुषभर उंच झाला. वर्षभर इकडचं विरजण तिकडे गेलं नाही. ऋषिपंचमीचा तो वाडगा शेवंतीने न बोलता पडवीत ठेवला, कारण बोलायला तिला तोंड नव्हतं. वाडगाच काय ते बोलेल असं तिला वाटलं होतं.

खाट क्रमांक सहा

अक्का पाच दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होत्या. पहिल्या दिवशी रक्तदाब इतका खाली गेला, की डॉक्टरांनी ओवीला पुण्याहून बोलावून घ्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर होत्या, पण शेवंती खाटेजवळ गेली की भिंतीकडे वळायच्या.

ओवीने काकीला बाहेर बाकावर नेलं.

"दुधी कुठला होता, काकी?"

"माझा. घरचा."

"बी?"

"तेही घरचंच. त्याच दुधीवर वाढलीस तू. तुझा पहिला भात त्याच्या रसात कालवला होता."

"घरच्या बियाण्याची हमी नसते ग. पंधरा दिवस पाऊस नाही, पारा सदतीसवर. वेलाला ताण आला की जुनी वाणं कडू होतात. आमच्याकडे वर्षाला शंभर तरी अशा तक्रारी येतात."

"पस्तीस वर्षांत माझ्याकडे एकही नाही आली. एरवी दुधी चिरला की पहिली फोड मी तोंडात टाकते. गेल्या महिन्यातले तिन्ही चांगले होते. फक्त त्या दिवशी..." शेवंती थांबली. "त्या दिवशी चाखायचं नसतं."

मग ओवीने तेही सांगून टाकलं, जे काकीला कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

"गावात काय बोलतायत माहितीय?"

"काय?"

"शेवंतीने जावेला विष घातलं."

शेवंतीने पदराने तोंड पुसलं. ती रडली नाही. सरळ ओवीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तसं असेल तर असेल. माझ्या बियाने हे केलं असेल, तर ती बरणी मी माझ्या हाताने चुलीत घालीन. शब्द आहे माझा. पण आधी मला कळलं पाहिजे. तुझ्या शंभर तक्रारींतलं नाही, माझ्या परसातलं."

सूचना

*ग्रामपंचायत सडेवाडी. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, दिनांक ऋषिपंचमी रोजी घडलेल्या विषबाधेच्या अनुषंगाने, घरगुती राखून ठेवलेले दुधी, भोपळा, काकडी, दोडका व पडवळ यांचे बियाणे ३१ मार्च २०४२ पर्यंत कार्यालयात जमा करून नष्ट करण्यात यावे. त्याऐवजी प्रमाणित बियाणे मोफत मिळेल. याबाबतचा ठराव मार्चच्या ग्रामसभेत कायम करण्यात येईल. सहकार्य करावे.*

खाली शिक्का. शिक्क्याच्या बाजूला कोणीतरी पेनाने लिहिलं होतं: *शेवंतीकाकूंनी सर्वात आधी.*

डिसेंबरात लागलेला तो कागद शेवंतीने काढला नाही. तारीख तेवढी मनात धरली. साडेतीन महिने. दुधी बी टोचल्यापासून अडीच महिन्यांत फळाला येतो. पुरेसे होते.

कॅलेंडरच्या पाठीवर

१४ डिसेंबर. चोवीस पिशव्या. माती एकच, शेणखत एकच, ऊन एकच. बारांत २०३९ची बरणी (अक्कांच्या वेलाच्या आधीची), बारांत २०४०ची (वेलानंतरची, ऋषीच्या भाजीतला दुधी हिच्यातला). पिशव्यांवर नुसते आकडे. कुठल्या आकड्यात कुठली बरणी हे ह्यांनी लिहून पंपाच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलंय. मला माहीत नको. नाहीतर माझीच जीभ माझ्या बाजूने साक्ष देईल.

२२ डिसेंबर. हे म्हणतात, सांगू का? म्हटलं, सांगाल तर संध्याकाळी नुसती पेज.

२६ डिसेंबर. १७ नंबर उंदराने नेला. तेवीस राहिले.

१० जानेवारी. मावा आला. पानं चिकट झाली, मुंग्या चढल्या. पाच रोपं स्वच्छ. ४, ९, १२, १८, २३. एक मुंगी नाही. परत मोजलं. पाचच. अशी स्वच्छ पानं मी एकाच ठिकाणी बघितलीत, गडग्यापलीकडे, गोठ्यावर.

११ जानेवारी. पान चाखलं. मोहरीएवढा तुकडा, जिभेच्या शेंड्यावर, गिळायचं नाही.
४: थू.
९: थू.
१२: थू थू. चूळ भरली, गूळ खाल्ला, अर्धा तास थांबले.
१८: थू.
२३: थू.
बाकीचे अठरा: गवत.

१२ जानेवारी. पेटी उघडावीशी वाटली. उघडली नाही. पान कडू म्हणजे फळ कडू असं नव्हे. कवचाचं पान कडूच असतं, फळ चांगलं. फळापर्यंत थांबायचं.

९ फेब्रुवारी. निम्म्यांचं पाणी तोडलं. कडूपानवाल्यांतले ४, ९, १८ कोरडे ठेवले. १२ आणि २३ला रोज दोन तांबे. गवतवाल्यांतले नऊ कोरडे, नऊ ओले. दुपारी कोरड्यांच्या माना पडतात. बघवत नाही. घरात जाऊन बसते.

२० फेब्रुवारी. बचत गटातली सुलभा आली होती. म्हणाली, आजूबाजूला कवच फुललाय, त्याचा वारा लागून तुझी ह्या वर्षीची फळंही कडू होतील. म्हटलं, तसं नसतं. गर आईच्या अंगाचा. बाप कोण ते फक्त बीला ठाऊक, आणि बी ते पुढच्या वर्षी सांगतं. ओवीने लहानपणी शिकवलं होतं मला, तिच्या नववीच्या पुस्तकातून.

३ मार्च. पारा अडतीस. फळं वीतभर. चाखली. फोड जिभेवर, दातांनी दाबायची, थुंकायची.
४: तोच. कानामागे बसणारा.
९: तोच.
१८: तोच.
१२: पाणचट.
२३: पाणचट.
गवतवाले अठरा, कोरडे धरून: पाणचट, पाणचट, पाणचट. दुधीला याहून वेगळी चव नसते. पाणचट म्हणजे चांगला.

३ मार्च, दुपार. पेटी उघडली. पाचही २०४०चे.

या ओळीखाली कॅलेंडरवर काही नाही. पेन टेकवून ठेवल्याचा निळा ठिपका तेवढा आहे.

साडेसहा वाजता

शिमग्याला ओवी आली. शेवंतीने तिला गडग्यावरूनच हाक मारली, परसात नेलं, कॅलेंडर हातात दिलं आणि स्वतः पाटावर बसून राहिली. ओवीने उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून परत वाचलं.

"आकडे झाकून केलंस?" तिने विचारलं.

"ह्यांच्या पेटीत होते."

"काकी, आमच्याकडे लोकांना हे करायला शिकवावं लागतं."

"कौतुक नको. काय झालंय ते सांग."

ओवीने जमिनीवर काडीने दोन रेघा ओढल्या. "कवचात प्रत्येक गोष्ट दुहेरी असते. कळ दोन, कुलपं दोन. एकेक आईकडून, एकेक बापाकडून. त्याचा पराग तुझ्या वेलावर पडला, की त्या बीमध्ये एक कळ येते, एक कुलूप येतं. कळ एक असली तरी पान कडू व्हायला पुरते. कुलूप मात्र एकट्याने नीट बसत नाही. पाणी मिळालं, हवा थंड असली तर धरतं. ऊन तापलं, तहान लागली की सुटतं. आणि कडवटपणा फळात उतरतो."

"म्हणजे उन्हाने झालं असं तू म्हणालीस ते..."

"अर्धं खरं होतं." ओवीने काडी मोडली. "पण हे व्हायलाच नको होतं. गोठा ते तुझा मांडव, मी स्वतः टेप लावून मोजलंय. पस्तीस मीटर. नियम तिसाचा आहे. मधमाश्या तेवढ्यात पराग झटकून टाकतात. आम्ही दोन हंगाम माश्यांच्या फेऱ्या मोजल्यात."

"किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"फेऱ्या. तुमची माणसं शेतावर कधी असायची?"

"दहा ते पाच. पाचला गाडी यायची न्यायला."

शेवंतीने नुसतं मांडवाकडे बोट केलं. ऊन उतरलं होतं. दुपारभर चुरगळलेल्या कागदासारख्या मिटून बसलेल्या कळ्या एकेक करून सुटत होत्या; पांढऱ्या, पातळ, ताटलीएवढ्या सपाट. दहा मिनिटांत मांडव चांदण्या पडल्यासारखा झाला. आणि मग गडग्यावरून, बोटाएवढ्या जाडीचा एक करडा पतंग भरारत आला, एका फुलापुढे हवेतच थांबला, लांब सोंड आत घातली, आणि ज्या वेगाने आला त्याच वेगाने गोठ्याच्या दिशेने गेला.

"दुधी दिवसा फुलत नाही, ओवी," शेवंती म्हणाली. "हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं असं मला वाटलंच नाही."

आणखी दोन पतंग आले. त्यांना पस्तीस मीटर म्हणजे काहीच नव्हतं.

"तक्ता काकडीसाठी केला होता," ओवी म्हणाली. "काकडी सकाळी फुलते. तोच पुढे दुधीला लावला. सगळं तपासलं, काकी. फूल कधी उमलतं तेवढं कोणी विचारलं नाही."

"आता तू काय करणार?"

"नोकरीचं बोलतेस?"

"मी दुधीचं बोलतेय. नोकरीचं तू बघ."

पलीकडे गोठ्याच्या शिडीवर कसलीशी हालचाल झाली. अक्का शिडीवर चढल्या होत्या. हातात टोपली होती. त्या कवचाची नर फुलं, बारीक देठाची, खाली बाळदुधी नसलेली, एकेक करून खुडत होत्या आणि टोपलीत टाकत होत्या. त्यांनी या दोघींकडे पाहिलं नाही. पण गडगा बुटका होता आणि अक्कांचे कान चांगले होते.

ग्रामसभा

शाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं. पुढे सरपंच मालतीबाई घाणेकर, शेजारी कंपनीचे निमकर साहेब. निमकर चांगलं बोलले. झाल्या प्रकाराचं दुःख व्यक्त केलं, ऊन, ताण, जुनी वाणं, सगळं नीट समजावलं आणि मोफत बियाण्यांची पाकिटं टेबलावर मांडली.

मग शेवंती उठली. दोन्ही हातांत दोन पिशव्या, रोपांसकट. तिने त्या टेबलावर पाकिटांच्या मधोमध ठेवल्या. माती सांडली.

"चार नंबर आणि सात नंबर," ती म्हणाली. "साहेब, मोहरीएवढं पान. गिळू नका. थुंकायला बाहेर पायरी आहे."

हशा झाला. निमकरांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच म्हणाल्या, "घ्या की साहेब, आम्ही आहोत." निमकरांनी सातचं पान जिभेला लावलं आणि खांदे उडवले. चारचं लावलं आणि पायरीकडे गेले. मागच्या रांगांतल्या बायका आता उठून पुढे आल्या. दहा मिनिटं ग्रामसभेत एकच आवाज होता: थू.

शेवंतीने कॅलेंडर उलटं धरून सगळं सांगितलं. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, पाणचटपर्यंत येता येता कापायचा थांबला.

सुलभा तडक उभी राहिली. "म्हणजे कवच उपटायचा? आणि आमचा ट्रक?"

"उपटा म्हणून कोण म्हणालं? तुझा ट्रक भरू दे. घराजवळच्या कवचाची नर फुलं दिवस मावळायच्या आत खुडायची, एवढंच. आणि घरचं बी जाळायचं नाही. दोन पानांवर रोप आलं की चाखायचं. कडू ते उपटायचं, गवत ते ठेवायचं. शिजवताना पुन्हा एक फोड. मशीन नको, पाकीट नको. जीभ सगळ्यांना आहे."

"सणाच्या दिवशीही चाखायचं?" मागून कोणी म्हातारी म्हणाली. "नैवेद्याचं?"

याचं उत्तर शेवंतीकडे अजून नव्हतं.

निमकर परत आले होते. रुमालाने ओठ दाबत ते म्हणाले, "हे सगळं निरीक्षण रंजक आहे, पण सुरक्षित अंतराचे आमचे आकडे..."

"चुकीचे आहेत," ओवी म्हणाली. ती शेवटच्या रांगेत उभी होती. "दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. आपण दहा ते पाच मोजलं. अहवाल लिहून मी सकाळी पुण्याला पाठवलाय, सरकारी समितीलाही."

"ओवी, तुम्ही कंपनीच्या वतीने बोलताय?"

"नाही सर. टेप माझ्या हातात होता, म्हणून बोलतेय."

मालतीबाईंनी सूचनेचा कागद पुढे ओढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, "शेवंतीकाकू, राखलेल्या बियांचं काय लिहू?"

"पान चाखून, असं लिहा."

चूल

पण शब्द दिलेला होता.

घरी आल्यावर शेवंतीने २०४०ची बरणी फळीवरून काढली. दत्ताराम म्हणाला, "अग, बारातले सात चांगले निघालेत. निवडता येतात. तूच सांगून आलीस दीडशे माणसांना."

"ते बी राखणाऱ्यांसाठी. हा माझा शब्द आहे. माझ्या बियाने केलं असेल तर जाळीन म्हणाले होते. केलं माझ्याच बियाने."

मागल्या दारी पाणी तापवायच्या चुलीत जाळ होता. तिने बरणीचं झाकण फिरवलं. राखेचा वास आला.

"थांब."

अक्का गडग्याच्या या बाजूला उभ्या होत्या. वयाच्या पासष्टीत, दवाखान्यातून आल्यापासून निम्म्या झालेल्या, त्या गडगा ओलांडून आल्या होत्या. साडीला दगडाची माती लागली होती.

"शब्द तू तुझ्या बियापुरता दिलास ना?"

"हो."

"मग ते तुझं एकटीचं नाही. अर्धं माझ्या गोठ्यावरचं आहे. ओवीने सांगितलं मला." त्यांनी हात पुढे केला. "माझ्या अर्ध्याला न विचारता जाळायला तू कोण?"

चूल फुरफुरत होती. दत्ताराम हसू दाबत आत निघून गेला.

"आण इकडे. मी लावते. मी चाखते. त्याची कडू चव माझ्याएवढी कोणाला ओळखता येणार आहे?"

बरणी गडग्यापलीकडे गेली.

कृती, उरलेली

२०४२ची ऋषिपंचमी. पाऊस पुन्हा बारा दिवस गायब, पारा छत्तीस. ओवीचा फोन सकाळी येऊन गेला. जुनी नोकरी गेली, विद्यापीठात नवी लागली. पगार कमी आहे, आणि कामाची वेळ संध्याकाळी चार ते नऊ.

शेवंतीने अळू चिरलं, माठ निवडला, अंबाडे ठेचले. विळीसमोर एक दुधी होता. लांब मानेचा, फिकट, लव असलेला. अक्कांच्या गोठ्यावरचा, बरणी २०४०, दोन पानांवर चाखून राखलेला. सकाळी अक्कांनी तो न बोलता पायरीवर ठेवला होता.

तिने दुधीचे दोन भाग केले आणि हात थांबला. गर पांढरा शुभ्र दिसत होता. गेल्या वर्षीही असाच दिसला होता.

"काय बघत बसलीस?" अक्का दारात होत्या. त्यांनी पाट ओढला आणि विळीच्या पलीकडे बसल्या. "काप."

"अक्का, नैवेद्याचं आहे."

"नैवेद्य शिजल्यावर. देवापुढे ठेवल्यावर. आत्ता हा नुसता दुधी आहे. ह्याला चाखल्याने कोणता ऋषी रागावतो ते मी बघते."

शेवंतीने दोन पातळ फोडी कापल्या. हातात धरून ठेवल्या.

"एक विचारू? त्या दिवशी पहिल्याच घासाला कळलं असेल तुम्हांला. मी एका घासात थुंकले. तुम्ही वाडगा निपटलात. का?"

अक्कांनी विळीच्या पात्यावरचा चीक बोटाने पुसला.

"टाकली असती, तर वाडगा तसाच परत आला असता," त्या म्हणाल्या. "भरलेला. मग तू काय समजली असतीस?"

शेवंतीच्या हातात फोडी तशाच होत्या.

"दे आता," अक्का म्हणाल्या. "हात दुखेल तुझा."

दोघींनी फोडी एकदम तोंडात घातल्या. शेवंतीने चावली नाही. ती अक्कांच्या तोंडाकडे बघत होती. अक्कांनी डोळे मिटून फोड दातांनी दाबली, जिभेवर फिरवली, गालात नेली, थांबल्या. बाहेर दत्ताराम पंपाशी खाटखुट करत होता, तोही थांबला.

"पाणचट," अक्का म्हणाल्या, आणि दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे केला.